पाहुण्यांच्या भिंतीला भोक

दादा, आज सकाळी गॅरेजचं शटर वर केलं आणि नेहमीच्या सवयीने आधी वास घेतला. बाहेर श्रावणातला पाऊस, अंगणात शेवाळ इतकं की पाय टाकायची भीती, घरात लोणच्याच्या बरणीवरच्या फडक्यालासुद्धा बुरा आलेला. पण गॅरेज कोरडं. सरस, पॉलिश आणि जुन्या लाकडाचा वास आला, कुबट वास नाही. तुला जाऊन अजून महिनाही झालेला नाही, आणि एवढ्यात तुझ्या पाठीमागे बुरशी आत शिरेल अशी मला धास्ती होती. शिरली नाही. तेवढंच सांगायला बसले होते, पण बसलेच आहे तर बाकीचंही सांगते. तू मध्ये बोलू शकत नाहीस, ही सोय मला जन्मात पहिल्यांदाच मिळते आहे.

मुंबईत तुझी उमेदीची सगळी वर्षं बाजाच्या पेट्या दुरुस्त करण्याच्या दुकानात गेली. मालकाने दुकान बंद केलं आणि तू हत्यारांची पिशवी घेऊन वाडीवर परत आलास. वहिनीने तिथे म्हशी आणि भात सांभाळून घर धरलेलंच होतं. पण पोलादपूरच्या वर, एसटीतून उतरून डोंगर चढून यायचं, तिथे तुझ्याकडे पेटी घेऊन कोण येणार? महाडला सगळ्या बाजूंच्या गाड्या येतात. आणि महाडला माझ्या घराला लागून गॅरेज रिकामं पडलं होतं. ह्यांनी महाड-पोलादपूर जीप चालवायचं सोडून एमआयडीसीतली नोकरी धरली, जीप विकली, आणि गॅरेजात गुळगुळीत टायर नि ऑइलचे डबे उरले. मीच म्हटलं, ये इथे, शटर उघड आणि बस काम करत. तू तपकिरीची चिमूट हातात तशीच धरून म्हणालास, "भाऊ बहिणीच्या घरात भाऊबीजेला शोभतो गो सुमे. बारा महिने नाय."

तरी आलास, कारण पेटीशिवाय तुला करमत नव्हतं. पण आलास तो कसा? सोमवारी येताना वाडीवरचे तांदूळ, वाल, वहिनीच्या हातचं तूप. शनिवारी परत वर. मधले दिवस आमच्याकडे जेवायचास ते अंग चोरून. मी भाकरी वाढायला गेले की ताटावर हात आडवा. मला त्याचा इतका राग यायचा! लहानपणी माझ्या ताटातला भाजलेला बोंबील पळवणारा हाच का तो, असं वाटायचं.

आणि हे. हे मनाने वाईट नाहीत हे तुलाही माहीत होतं. पण बोलताना शब्द नीट ठेवायची सवय नाही. पहिल्याच दिवशी म्हणाले, "वापरा दादा, माझं गॅरेज रिकामंच आहे, गाडी घेईपर्यंत वापरा." सौजन्याने बोलले बिचारे. तू मात्र ते शब्द करारासारखे धरून बसलास. आपल्याकडे जावई म्हणजे काय, हे मी तुला काय सांगणार. त्याला द्यायचं असतं, त्याच्याकडे मागायचं नसतं. तू मागितलं नाहीस. कपाट भिंतीला टेकवायचं तरी आधी मला विचारायचास आणि मी ह्यांना विचारायचं. मी कधी ह्यांना विचारायची नाही, स्वयंपाकघरात जाऊन परत यायची आणि सांगायची, हो म्हणाले.

पहिला पाऊस आला आणि खरी गंमत सुरू झाली. तुझ्या धंद्याचं दुखणं असं, की गावोगावच्या भजनी मंडळांना पेटीची आठवण गणपती तोंडावर आले की व्हायची. वर्षभर पेटी देवळाच्या कोपऱ्यात, आणि आषाढ लागला की खताच्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून डोक्यावरून एसटीत. कोणाचा भाता फाटलेला, कोणाच्या पट्ट्या ओलीने फुगून अडकलेल्या, कोणाचे आतले पितळेचे सूर हिरवे पडलेले. म्हणजे ज्या दोन महिन्यांत महाडात अंगावरचा कपडासुद्धा वाळत नाही, नेमक्या त्याच दोन महिन्यांत तुझं गॅरेज भरलेलं. वरती स्लॅब, तिन्ही बाजूंनी भिंत, पुढे शटर. खिडकी नाही. जीपला खिडकी कशाला हवी म्हणून ठेवलीच नव्हती.

बुरशी आधी सरसावर आली. जिथे जिथे तू चामडं चिकटवलं होतंस त्या त्या रेघेवर पांढरी लव उगवली. मग भात्याच्या घड्यांत राखाडी ठिपके. मग भिंतीच्या कोपऱ्यात काळा डाग, तो रोज वीतभर वर चढायचा. तू सकाळी फडक्याने पुसायचास, संध्याकाळपर्यंत पुन्हा हजर. पेट्यांवर प्लास्टिक घातलंस तर आत घाम सुटला आणि बुरा दुप्पट वाढला. तू शिंकायचास, खोकायचास, डोळे चोळायचास, आणि मी काही विचारलं की म्हणायचास, "तपकिरीनं होतंय गो."

मी म्हटलं, मागच्या भिंतीत खिडकी पाडू. तू असा दचकलास जसं काही मी चोरी करायला सांगितली. "पाव्हण्यांच्या भिंतीला भोक? त्यांची गाडी यायची हाय उद्या. वाडीवर कळलं तर काय म्हणतील, भाऊ ऱ्हायला गेला नि बहिणीचं घर फोडलंन!"

त्यापेक्षा तू आपल्या वाडीची युक्ती काढलीस. आपल्या घरात चुलीवरच्या माळ्यावर बियाणं, मिरच्या, मृदुंग, सगळं पावसाळाभर राहतं आणि कशाला बुरा म्हणून येत नाही. तर ऊब हवी, एवढंच तुझं म्हणणं. बाजारातून लोखंडी शेगडी आणलीस, सरस गरम करायला लागतेच म्हणालास. कोळसे पेटवलेस, सभोवती पेट्या मांडल्यास आणि झड आत येते म्हणून शटर खाली ओढलंस. मला वाटलं, वा, दादाने जमवलं. मलाही तेव्हा कुठे काय कळत होतं?

मग ती दुपार आली. चहा घेऊन आले, हाक मारली, उत्तर नाही. शटर वाजवलं, उत्तर नाही. वाटलं झोपलास. पण तू दुपारचा कधी झोपत नव्हतास. कप खाली ठेवला आणि शटर कसं वर केलं ते मला माहीत नाही. तू भिंतीला टेकून बसला होतास, तोंड लालबुंद, हातात भाता, आणि माझ्याकडे बघून आईला हाक मारावी तसं काहीतरी पुटपुटलास. मी तुला काखेत धरून ओढत ओढत अंगणात आणलं. पावसात. तू ओकलास, डोकं धरून बसलास, आणि शुद्ध आल्यावर पहिलं वाक्य काय बोललास? "शटर उघडं टाकलंस गो? वाडीची पेटी भिजंल ना!"

आपल्या वाडीची पेटी खरंच दाराशीच होती आणि खरंच भिजली. तू माझ्याशी दोन दिवस धड बोलला नाहीस. मी जीव वाचवला ते राहिलं बाजूला, पेटी भिजवली हे माझ्या नावावर लागलं. डॉक्टरांनी ताकीद दिली, बंद खोलीत कोळसा पेटवाल तर पुढच्या वेळी बहीण वेळेवर येईलच असं नाही. तू त्यांना तोंड वर करून सांगितलंस, "आमच्या घरात जन्मापासून चूल जळते, आजपर्यंत कोण मेला नाय." डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. खरंच कोणी मेलं नव्हतं.

त्या शनिवारी मी तुला एकट्याला पाठवलं नाही, बरोबर आले. पाऊस जरा थांबला होता. तू दर वळणावर दम खात होतास आणि दम लागला नाही असं दाखवायला मला कुठल्या बांधावर कोणाची भांडणं आहेत ते सांगत होतास. शेवटच्या वळणावर आपलं घर दिसलं. वहिनीने चूल पेटवली होती, आणि सगळ्या छपरातून धूर निघत होता. एका जागेवरून नाही, प्रत्येक कौलाच्या फटीतून, हळूहळू, भात उकडताना झाकणाच्या कडेने वाफ निघते तसा. त्या घरात आपण दोघे जन्मलो, वाढलो, आणि इतक्या वेळा ती वाट चढलो. कधी थांबून बघितलं नव्हतं. तू थांबलास. मी थांबले. मला बोलायचा मोह फार झाला होता हे खरं.

वहिनीला सगळी हकिगत सांगितली तेव्हा तिने कपाळावर हात मारला. "अवो, हे घर हाय, नि ती तुमची बंद पेटी. हितं धूर जातो नि वारा येतो. तिथं धुरानं जायाचं कुठनं? तुमच्या नाकातनं?" तू भाकरी मोडत मान खाली घालून बसलास. मी हसले तर तूही हसलास, पण थोडंसं, वहिनीच्या नजरेला पडणार नाही इतपत.

मला वाटत होतं आता तू परत येणार नाहीस. तेच मला खुपत होतं. रविवारभर मी तुझं तोंड न्याहाळत होते. तू म्हशींना चारा घातलास, कुंपणाची काठी सरळ केलीस, आणि हत्यारांच्या पिशवीकडे बघितलंही नाहीस. संध्याकाळी म्हणालास, "ऱ्हाऊ दे गो सुमे. लोकांच्या पेट्या परत करतो. हितंच बरं हाय." बोलले असते तर रडले असते, आणि वहिनीच्या देखत मला रडायचं नव्हतं. म्हटलं, परत तरी करायला चल.

सोमवारी आपण महाडला उतरलो. शटर वर केलं आणि आत उजेड! मागच्या भिंतीत, स्लॅबच्या खाली, हातभर रुंदीचं भोक. वर पत्रा वाकवून केलेला छज्जा, तोही तिरका. आणि शटरच्या बाजूला खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, दुसरं भोक, त्याला उंदीर येऊ नयेत म्हणून जाळी. विटांचा चुरा अजून कोपऱ्यात. हे दारात उभे, अंगठ्याला चिंधी बांधलेली. रविवारचा अख्खा दिवस छिन्नी-हातोडा घेऊन एकट्याने फोडत बसले होते. मी त्यांना भोक पाडायला सांगितलं नव्हतं दादा, तुझी शपथ. त्या संध्याकाळी घरी येऊन तुझी अवस्था बघून घाबरले होते, तेवढंच. म्हणाले, "धूर सोडायला गाडीलासुद्धा मागे नळी असते. तुम्ही नळी बुजवून इंजिन चालू ठेवलंत."

तू भोकाच्या खडबडीत कडेवरून हात फिरवलास. आभार वगैरे आपल्या घराण्यात कोणाला येत नाहीत. तू एवढंच म्हणालास, "पाव्हणे, कडेचं प्लास्टर मी करून देतो." आणि दिलंस. तुझं प्लास्टर ह्यांच्या छज्ज्यापेक्षा सरळ होतं, हे मी त्या दोघांपैकी कोणालाही सांगितलं नाही.

मग तू राहिलास. पेट्या भिंतीपासून हातभर पुढे, फळ्यांवर. कोपऱ्यातला काळा डाग ब्रशने घासून चुना लावला. भिजलेली वाडीची पेटी उघडून तिचं एकेक अंग त्या वाऱ्यात वाळवलंस. गणपतीत ती वाजली, सुरात वाजली, पण भात्यात कुठेतरी बुरा राहिला होता. भर आरतीत पेटीवर बसलेल्या बुवांनी भाता ओढला आणि पहिल्या रांगेतले सगळे शिंकायला लागले. मुंबईहून आलेली पोरं म्हणाली, "काय काका, पेटी रिपेअर केलीत का मिरच्या भरल्यात?" तू तेव्हा चिडलास, आणि पुढे दर वर्षी स्वतःच ती गोष्ट रंगवून सांगायचास. शिंकणाऱ्यांची संख्या दर वर्षी वाढत गेली, हे लक्षात आलं होतं का तुझ्या?

आपलं भांडण मात्र मिटलं नाही. मी म्हणायची, भोकामुळे कोरडं झालं. तू म्हणायचास, शेगडीमुळे. शटर उघडं ठेवून, दिवसाउजेडी तू शेगडी पेटवायचासच, आणि बघ, म्हणायचास, ऊब. नाते गावचे भजनी बुवा तुझ्याकडे दुरुस्ती शिकायला यायचे, त्यांनाही तू पहिला धडा शेगडीचा दिलास. मी आतून ओरडायची, बुवा, आधी वर बघा, भिंतीकडे! पुढे कधीतरी शांतपणे बसून याचा निकाल लावू असं मी धरून चालले होते. राहिलंच ते. तुझ्या तोंडून एकदा "होय गो, भोकच" एवढं ऐकायची हौस होती मला. आता जिंकण्यात काही अर्थ नाही, आणि हरायला तर मी तयार नाही.

त्या भोकातून मला काय मिळालं ते तुला कधी सांगितलं नाही. ते माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच पडलं. तू एकेक सूर लावायचास, एकच सूर पुन्हा पुन्हा, कानस घासून, पुन्हा दाबून, पुन्हा घासून. बाहेरच्या कोणाला तो छळ वाटला असता. माझं कांदा चिरणं, भाकरी थापणं, पोरांवर ओरडणं सगळं त्या एका सुरावर चालायचं. सूर जुळला की तू जरा थांबायचास आणि मग दोन ओळी वाजवायचास, आई जात्यावर म्हणायची तसलं काहीतरी. मी गॅस बारीक करायची. लग्न झालेल्या बाईला तिचा भाऊ सणासुदीला भेटतो दादा. मला तो रोज, भिंतीपलीकडे, काम करताना ऐकू येत होता. इतकं सुख कोणाला मिळतं? ह्याबद्दल मी तुला काही बोलले असते तर तू लगेच पिशवी उचलून वाडीचा रस्ता धरला असतास, म्हणून गप्प राहिले.

तू गेलास ते वाडीवर, पडवीत, म्हशीची धार काढून येऊन टेकलास तो उठला नाहीस. वहिनी म्हणते तोंडावर काही त्रास नव्हता. तरी मी डॉक्टरांना जाऊन विचारलं, ती ओल, ती बुरशी, तो धूर, त्याने तर नाही ना? ते म्हणाले, नाही, हृदय होतं. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, जरा मोठ्या आवाजात. तेव्हा कुठे मला झोप लागली.

आता गाडीचं सांगते. ह्यांनी निवृत्तीनंतर शेवटी गाडी घेतली, जुनी मारुती, पांढरी. तू असतानाच व्यवहार ठरत आला होता आणि तू मला हळूच म्हणाला होतास, "गाडी आली की मी मोकळं करून देतो हां." मी तेव्हा विषय बदलला. तुझं दिवसकार्य झालं आणि पुढच्याच रविवारी गाडी यायची होती. आत पेट्या, हत्यारं, फळ्या, सगळं तसंच. नाते गावचे बुवा म्हणत होते, गणपतीपुरतं तरी राहू द्या, अर्धवट पेट्या मी येऊन पुऱ्या करतो. मी ह्यांच्याशी बोलायचं म्हणून रोज उठायची आणि रोज गप्प बसायची. तुझीच बहीण ना. मागायला जीभ रेटत नव्हती.

रविवारी गाडी आली. मी ओट्यापाशी, हात पिठात, कान बाहेर. ह्यांनी गाडी गल्लीतून वळवली, शटरसमोर आणली, इंजिन बंद केलं. शटर वर गेल्याचा आवाज आला. मग शटर पुन्हा खाली आलं आणि ताडपत्री ओढल्याचा खसखसाट ऐकू आला. पाऊस तर धो धो चालू होता. समोरचे मास्तर छत्री घेऊन चालले होते, ते थांबून हसत म्हणाले, "काय हो, एवढं गॅरेज असताना गाडी पावसात?"

हे म्हणाले, "गॅरेज कुठलं मास्तर? दादांची खोली आहे ती."

तुझ्या तोंडावर हे असं कधी बोलले नाहीत, आणि तू जिवंत असतास तर बोललेही नसते, तुम्ही दोघे एका माळेचे मणी. पण बोलले, दादा. मी माझ्या कानांनी ऐकलं.